बॅकअपसाठी जुनी हार्ड डिस्क

जुन्या संगणकातून काढलेली हार्ड डिस्क बॅकअपसाठी वापरायची, तर तिच्यावरचे सगळे पुसून नव्याने पार्टिशन करावे लागते. पुसण्याची आज्ञा एका ओळीची असते आणि पार्टिशनला पाच मिनिटेही लागत नाहीत. या कामातला खरा वेळ जातो तो पुसण्याआधी डिस्कवर काय आहे हे बघण्यात आणि नंतर, ठेवलेला बॅकअप उघडतो का हे तपासण्यात. छोट्या कार्यालयांत घाईघाईत नेमक्या याच दोन गोष्टी राहून जातात.

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा, गुलमंडी, निराला बाजार या भागांतली डीटीपी केंद्रे, छापखाने, कर सल्लागारांची कार्यालये आणि फोटो स्टुडिओ यांच्या ड्रॉवरमध्ये अशा डिस्क पडून असतात. संगणक बदलताना दुकानदार जुनी डिस्क काढून मालकाच्या हाती देतो, मालक ती कागदात गुंडाळून ठेवतो आणि पुढे कुणी तिच्याकडे बघत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. प्रत्येक वेळी संगणकांची एक पिढी बाद झाली आणि मागे डिस्क उरल्या. १६० जीबी, २५० जीबी, ५०० जीबी, क्वचित १ टीबी. छोट्या कार्यालयाचा सगळा महत्त्वाचा मजकूर एवढ्या जागेत आरामात बसतो, म्हणून त्या फेकून देणे किंवा भंगारात घालणे पटत नाही.

यांतली डीटीपी केंद्रातली डिस्क नमुन्यादाखल घ्यावी, कारण तिच्यात या कामाच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र भेटतात. हे शहर मराठी अक्षरजुळणीचे जुने ठाणे आहे. मराठवाडा साहित्य परिषद इथली, तिचे ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक इथले, साकेतसारखी प्रकाशनसंस्था इथली. १९५८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठामुळे प्रबंध टाइप करून घेणाऱ्यांची ये-जा डीटीपी केंद्रांत वर्षानुवर्षे चालू आहे. अशा केंद्राच्या एका डिस्कवर लग्नपत्रिका, स्मरणिका, गौरवग्रंथ, दिवाळी अंकांची पाने आणि लोकांचे प्रबंध एकाच गर्दीत नांदत असतात.

डिस्क उघडून बघायची तर आधी ती नीट जोडावी लागते. संगणकातली साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालत नाही. तिला १२ व्होल्टही लागतात, म्हणून वेगळ्या अडॅप्टरचे केसिंग किंवा डॉक हवा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर फिरते, पण संगणकाच्या पुढच्या बाजूचा पोर्ट अनेकदा कमी वीज देतो. मग डिस्क फिरायला लागते, थांबते, टिक् असा आवाज करते आणि पुन्हा फिरायला लागते. हा आवाज ऐकून अनेकजण डिस्क उडाली असे ठरवून टाकतात. संगणकाच्या मागच्या पोर्टला, आखूड आणि चांगल्या केबलने जोडल्यावर तीच डिस्क मुकाट्याने चालू होते. त्यामुळे निकाल देण्याआधी केबल आणि पोर्ट बदलून बघणे भाग आहे. रुंद चपट्या केबलच्या आयडीई डिस्क अजूनही सापडतात. त्यांच्यावरचा मजकूर उतरवून घ्यावा, पण बॅकअपसाठी त्यांच्या नादी लागू नये. वय फार झालेले असते आणि जोडायला लागणारे अडॅप्टर दरवर्षी दुर्मीळ होत आहेत.

डिस्क दिसू लागली की पहिले काम म्हणजे तिच्यावर काहीही न लिहिता ती वाचणे. एक्सपीच्या डिस्कवर वापरणाऱ्याच्या फाइली सी ड्राइव्हमधल्या ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरात असतात. विंडोज व्हिस्टापासून त्या ‘यूजर्स’मध्ये असतात. जुन्या संगणकावर पासवर्ड असेल, तर नव्या संगणकावरून तो फोल्डर उघडत नाही, आणि त्याचे प्रॉपर्टीज बघितले तर आकार शून्य बाइट दिसतो. इथे फसगत होते. फोल्डर रिकामा नसतो. बघणाऱ्याला परवानगी नसते, एवढेच. ‘कंटिन्यू’ दाबून परवानगी घेतली की आत तीस-चाळीस जीबी निघतात, आणि त्यांतला निम्मा भाग डेस्कटॉपवर असतो. आपल्याकडे डेस्कटॉप हेच कामाचे टेबल असते. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा नावांखाली पूर्ण झालेली पुस्तके पडलेली असतात.

त्यानंतर फॉन्ट. मराठी डीटीपीच्या डिस्कवर फॉन्टला फाइलींइतकेच, काही वेळा अधिकच मोल असते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीचा मराठी मजकूर श्री-लिपी, आयएसएम, आकृती अशा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉन्टांत बसवलेला असतो. या पद्धतीत फाइलीत साठवलेली असतात ती इंग्रजी कीबोर्डच्या अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिक स्थाने. त्या स्थानांवर देवनागरी आकार दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. फॉन्ट गेला की पेजमेकरची फाइल उघडते, पाने जागच्या जागी असतात, चौकटी आणि रेघाही शाबूत असतात, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा खच दिसतो. चारशे पानांचा गौरवग्रंथ असा दिसताना पाहिलेला माणूस पुढे कधी फॉन्ट न घेता डिस्क पुसत नाही. म्हणून विंडोजच्या फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ हा पूर्ण फोल्डर, अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा फोल्डर आणि त्याची इन्स्टॉलेशन सीडी एकत्र जपून ठेवावी लागते. काही आवृत्त्यांना संगणकाला लावायचे लॉक लागते. ते लॉक हरवले तर सॉफ्टवेअर चालत नाही. फॉन्ट हाती असतील तर निदान जुनी पाने वाचता आणि छापता येतात.

याच कारणाने शोध घेण्यावरही विसंबता येत नाही. डिस्कवर ‘औरंगाबाद’ असा शोध युनिकोडमध्ये टाइप केला, तर जुन्या फॉन्टांतल्या फाइलींत तो शब्द शेकडो ठिकाणी असूनही एकही सापडत नाही, कारण फाइलीत ती अक्षरे त्या रूपात नसतातच. फाइलीचे नाव इंग्रजीत दिलेले असते, तेवढेच हाती लागते. शहराचे अधिकृत नाव २०२३ साली बदलले. त्यामुळे अलीकडच्या फाइली एका नावाखाली आणि आधीच्या दुसऱ्या नावाखाली असतात, आणि इंग्रजी लिपीत दोन्ही नावांची स्पेलिंगे ज्याने त्याने आपापल्या परीने केलेली असतात. अशा डिस्कवर फाइलीच्या प्रकारावरून, म्हणजे पेजमेकर, कोरल ड्रॉ, वर्ड, फोटो असे गट पाडून शोधणे जास्त भरवशाचे ठरते.

हिशेबाच्या डिस्कवर असाच धोका टॅलीचा आहे. टॅली.ईआरपी ९ प्रत्येक कंपनीचा डेटा १००००, १०००१ अशा पाच आकडी नावाच्या फोल्डरात ठेवते आणि आतल्या फाइलींच्या नावाला शेवटी ‘.९००’ जोडलेले असते. दुकानाचे किंवा संस्थेचे नाव बाहेरून कुठेच दिसत नाही. ज्याला माहीत नाही त्याला हा फोल्डर कचरा वाटतो, आणि दहा वर्षांचे हिशेब त्यात असतात.

मजकूर निवडत बसायला वेळ नसेल आणि दुसरीकडे जागा असेल, तर क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने पूर्ण डिस्कची प्रतिमा घेऊन ठेवणे उत्तम. काय राहिले आणि काय घेतले हा घोर त्याने मिटतो. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी लागते. जुन्या डिस्कवरचा मजकूर नव्या संगणकावर घेतला आणि जुनी डिस्क पुसली, की त्या क्षणापासून नवा बॅकअप पूर्ण होईपर्यंत त्या मजकुराची एकच प्रत अस्तित्वात असते. बॅकअपसाठी चाललेल्या कामातच सर्वांत धोक्याचा काळ येतो, तो हा. तेवढ्या दिवसांपुरती तरी तिसरीकडे एक प्रत हवी, मग ती उसन्या डिस्कवर का असेना. लग्नसराईत किंवा मार्चअखेरीस हे काम काढू नये, हे सांगण्याचे कारणही हेच. मध्येच गिऱ्हाईक आले की ही प्रत घ्यायची राहते.

आता डिस्कची प्रकृती. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या कारभाराची नोंद आतच ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही साधने ती नोंद दाखवतात. बघायच्या ओळी चार-पाचच. क्रमांक ९ म्हणजे डिस्क किती तास चालली. रोज नऊ तास आणि वर्षाला तीनशे दिवस असा हिशेब धरला तर वर्षाचे २,७०० तास होतात. म्हणजे आठ वर्षे चाललेल्या कार्यालयीन डिस्कवर २१,६०० च्या आसपास आकडा दिसणे स्वाभाविक आहे. क्रमांक ५ म्हणजे खराब झालेले किती सेक्टर (मजकूर साठवण्याचे छोटे खण) डिस्कने बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले. क्रमांक १९७ म्हणजे किती सेक्टर वाचता येईनात आणि त्यांचा निकाल लागायचा आहे. क्रमांक १९९ बहुतेक वेळा केबलचा दोष सांगतो, डिस्कचा नव्हे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मूळ आकडे मुळात सोळा-आधारी पद्धतीत दाखवते, त्यामुळे शेवटी १० दिसले तर तो आकडा सोळा असतो. सेटिंगमध्ये दशमान पद्धत निवडली की गोंधळ संपतो.

गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली दोन निरीक्षणे या कामात रोज उपयोगी पडतात. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. आणि बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या बाबतीत स्मार्टच्या महत्त्वाच्या नोंदींनी आधी काहीच इशारा दिलेला नव्हता. म्हणजे नोंद वाईट असेल तर तिच्यावर विश्वास ठेवावा. चांगली असेल तर निर्धास्त होऊ नये. जुन्या डिस्कला बॅकअपमध्ये दुसऱ्या प्रतीचे स्थान द्यावे, एकमेव प्रतीचे कधीच देऊ नये, हा निर्णय या दुसऱ्या निरीक्षणावरून घेता येतो.

पुसण्याच्या बाबतीत लोकांच्या समजुती दोन टोकांच्या असतात. काहींना फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली की झाले असे वाटते. काहींना डिस्क कितीही वेळा पुसली तरी जाणकार माणूस ती परत काढतोच असे वाटते. पहिली समजूत धोक्याची आहे. डिलीट केल्याने फाइलीची यादीतली नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो. क्विक फॉरमॅटमध्ये नवी कोरी यादी लिहिली जाते. खालचा मजकूर तसाच असतो. एक्सपीमधला पूर्ण फॉरमॅटसुद्धा बराच वेळ घेऊन फक्त खराब सेक्टर तपासत असे, मजकुरावर काही लिहीत नसे. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट त्या पार्टिशनवर शून्ये लिहू लागला. एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या १२९ चालू होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक, वैद्यकीय पत्रव्यवहार असे बरेच काही होते.

दुसरी समजूत १९९६ सालच्या पीटर गुटमन यांच्या निबंधातून पसरली. त्यांनी त्या काळच्या निरनिराळ्या डिस्क ध्यानात घेऊन ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली होती. आधुनिक डिस्कसाठी त्या ३५ फेऱ्यांना अर्थ नाही, हे त्यांनीच पुढे स्पष्ट केले. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २०१४ सालच्या मार्गदर्शिकेनुसार फिरत्या चुंबकीय डिस्कवर एकदा पूर्ण लिहिणे साधारणपणे पुरेसे असते. एकदाच, पण शेवटच्या सेक्टरपर्यंत. हे एसएसडीला लागू पडत नाही, कारण एसएसडी लिहिण्याची जागा आतल्या आत बदलत राहते. तिला निर्मात्याचे स्वतःचे पुसण्याचे साधन वापरावे.

विंडोजमध्ये डिस्कपार्ट हे साधन हे काम करते. त्यातली ‘क्लीन’ ही आज्ञा फक्त पार्टिशनची नोंद काढते आणि क्षणात संपते. ‘क्लीन ऑल’ प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते. लिनक्सवर पूर्ण पुसण्याचे काम डीडी किंवा शर्ड करतात. या ठिकाणी चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही, आणि चूक होते ती जवळजवळ नेहमी डिस्क निवडण्यात. ‘लिस्ट डिस्क’ म्हटले की डिस्क ०, डिस्क १ अशी यादी येते आणि प्रत्येकीपुढे आकार असतो. संगणकातली डिस्क ५०० जीबीची आणि पुसायची डिस्कही ५०० जीबीची असेल, तर पडद्यावर दोन ओळी सारख्याच दिसतात: ४६५ जीबी, ४६५ जीबी. (निर्माता हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या, म्हणून ५०० चे ४६५ होतात, जागा कुठे चोरीला गेलेली नसते.) अशा वेळी ‘डिटेल डिस्क’ ही आज्ञा देऊन मॉडेलचे नाव वाचावे आणि ते डिस्कवरच्या लेबलाशी ताडून बघावे. याहून चांगला उपाय म्हणजे, ज्या संगणकात काही महत्त्वाचे नाही अशा संगणकावर, बाकीच्या सगळ्या बाहेरच्या डिस्क काढून हे काम करणे.

वेळ किती लागतो हे जोडणीवर ठरते. संगणकाच्या आत साटा केबलवर सरासरी ८० एमबी प्रति सेकंद वेग मिळाला, तर ५०० जीबी पावणेदोन तासांत पुसून होतात. जुन्या यूएसबी २.० वर वेग ३० पर्यंत उतरतो आणि तेच काम साडेचार तासांहून अधिक चालते. डिस्कच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त आणि आतल्या वर्तुळात जवळजवळ निम्मा असतो, म्हणून शेवटी शेवटी काम मंदावले तर घाबरण्याचे कारण नाही. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये मात्र तापमानाकडे बघावे लागते. खोलीतच ४० अंश असतील आणि डिस्क पंखा नसलेल्या बंद केसिंगमध्ये सलग लिहीत असेल, तर ती सहज ५० अंशांच्या पुढे जाते; बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते. केसिंगचे झाकण काढून टेबलफॅनसमोर, शक्यतो रात्री हे काम लावावे.

मध्येच वीज गेली तर? शून्ये लिहिताना वीज गेल्याने काही बिघडत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. भरलेल्या डिस्कवर पार्टिशन लहान-मोठे करताना किंवा सरकवताना वीज गेली तर मात्र मजकूर अर्धा इकडे, अर्धा तिकडे होतो. म्हणूनच जुने पार्टिशन राखून त्यातच जागा काढण्याची तडजोड करण्यापेक्षा सगळे पुसून नव्याने पाडणे चांगले. यूपीएस असेल तर दोन्ही वेळी लावावा.

पूर्ण पुसण्याचा आणखी एक फायदा असा की ती डिस्कची परीक्षाही असते. पुसून झाल्यावर स्मार्टची नोंद पुन्हा बघावी आणि आधीच्या आकड्यांशी ताडावी. समजा, आधी १९७ या ओळीत आठ होते. पुसल्यावर ते शून्य झाले आणि ५ या ओळीत काहीच वाढले नाही, तर त्या सेक्टरांचा पृष्ठभाग बहुधा ठीक आहे. कधीतरी लिहिता लिहिता वीज गेल्याने ते अर्धवट राहिले असावेत. जिथे विजेचा लपंडाव नित्याचा आहे तिथे असे सेक्टर अनेक डिस्कवर भेटतात. पण ५ ची ओळ आठाने वाढली असेल, तर डिस्कने ते सेक्टर कायमचे बाद केले आहेत. अशी डिस्क पुन्हा एकदा पूर्ण लिहून आणि वाचून बघावी. आकडा स्थिर राहिला तर तिला कमी महत्त्वाच्या मजकुरासाठी ठेवता येते. वाढतच गेला तर तिला निरोप द्यावा.

मग पार्टिशन. पहिला प्रश्न एमबीआर की जीपीटी हा असतो. एमबीआर ही १९८३ सालापासूनची पद्धत. तिच्यात चारच मुख्य पार्टिशन बसतात आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरांवर ती २ टीबीच्या पुढे जात नाही. जीपीटी नवी आहे आणि आपल्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवते, त्यामुळे सुरुवातीचा भाग बिघडला तरी सावरता येते. नव्या संगणकांसाठी जीपीटीच निवडावी. अपवाद डीटीपी केंद्राचा: लॉक लावलेला जुना एक्सपी संगणक अजून कोपऱ्यात चालू ठेवलेला असेल आणि बॅकअप त्यावरही उघडायचा असेल, तर एमबीआर घ्यावे लागते, कारण ३२-बिट एक्सपीला जीपीटी डिस्क वाचता येत नाही. पार्टिशन पाडायचे मात्र नव्या विंडोजवरच. एक्सपी पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, आणि २०११ च्या सुमारास आलेल्या ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर त्यामुळे लिहिण्याचा वेग पडतो. व्हिस्टापासून पुढे ते १ एमबीच्या सीमेवर सुरू होते.

फाइल सिस्टिम एनटीएफएस ठेवावी. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाचा एक व्हिडिओ किंवा डिस्कची एक प्रतिमा ती मर्यादा सहज ओलांडते. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे लिहायचे असेल तर एक्सफॅट सोयीची आहे, पण तिच्यात एनटीएफएससारखी नोंदवही नसते. लिहिताना केबल निघाली तर नुकसान जास्त. पार्टिशन किती? एकच पुरते. अनेक कार्यालयांत ‘बॅकअप डी ड्राइव्हवर आहे’ असे विश्वासाने सांगितले जाते. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दालने आहेत; डिस्क बंद पडली की दोन्ही एकदम जातात. बॅकअपच्या डिस्कवर दोन पार्टिशन पाडून दोन्हीकडे तीच फाइल ठेवणे हाही त्याच समजुतीचा परिणाम. दुसरे पार्टिशन पाडायला एकच चांगले कारण आहे: गिऱ्हाइकांची कागदपत्रे, पॅन-आधारच्या प्रती, रुग्णांचे अहवाल असा खासगी मजकूर वेगळ्या, बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टने कुलूपबंद केलेल्या भागात ठेवणे. त्याचा परवलीचा शब्द डिस्कवर नव्हे, कागदावर लिहून दुसरीकडे ठेवावा. शेवटी पार्टिशनला ओळखू येईल असे नाव द्यावे. डिस्क ज्या केसिंगमध्ये पुढे राहणार आहे त्याच केसिंगमध्ये हे सगळे केलेले बरे; काही केसिंग सेक्टरचा आकार वेगळा दाखवतात आणि मग डिस्क बाहेर काढून थेट जोडली तर पार्टिशन दिसत नाही.

मजकूर चढवताना साधी कॉपी-पेस्टही चालते, पण ती मध्ये अडकली तर काय गेले आणि काय राहिले हे कळत नाही. विंडोजमधले रोबोकॉपी राहिलेले तेवढेच पुढे नेते आणि शेवटी हिशेब दाखवते. त्याच्या मिरर पर्यायापासून जपावे: मूळ जागी फाइल चुकून डिलीट झाली असेल तर मिरर तीच फाइल बॅकअपमधूनही काढते. तारखेचे वेगळे फोल्डर करून जुने काही महिने ठेवणे जास्त सुरक्षित. महत्त्वाच्या फाइलींची एसएचए-२५६ ही खूण विंडोजमधल्या सर्टयुटिलने दोन्ही ठिकाणी काढून जुळवून बघितली की प्रत बिनचूक उतरल्याची खात्री होते.

त्यापुढची तपासणी बहुतेकजण करत नाहीत, आणि या सगळ्या खटाटोपात तिच्याइतके महत्त्वाचे काही नाही. डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावायची. त्यावर फक्त बॅकअपमधले फॉन्ट बसवायचे आणि एक जुने पुस्तक उघडायचे. जोडाक्षरे, रफार, अनुस्वार जागेवर आहेत का ते दोन-चार पाने वाचून बघायचे. टॅलीची एक कंपनी उघडून तिची एखाद्या वर्षाची शिल्लक छापील ताळेबंदाशी जुळवायची. एक लग्नपत्रिका कोरल ड्रॉमध्ये उघडून तिचे चित्र दिसते का बघायचे. अनेकदा चित्र पानात नसते, वेगळ्या फोल्डरातून जोडलेले असते आणि तो फोल्डरच घ्यायचा राहिलेला असतो. काही राहिले असेल तर ते याच वेळी कळले पाहिजे, तिसरीकडची प्रत अजून हाताशी असेपर्यंत. पेजमेकरच्या पूर्ण झालेल्या पुस्तकांच्या पीडीएफ करून सोबत ठेवाव्यात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ सालची. ते चालवणारा संगणक किती वर्षे मिळेल हे सांगता येत नाही, पीडीएफ मात्र फॉन्ट आत घेऊन जाते.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर व्हायरस संगणकाला जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फाइली बिघडवतो. ड्रॉवरमधल्या डिस्कपर्यंत तो पोहोचत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम म्हणतो की प्रती तीन असाव्यात, दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. कार्यालय औरंगपुऱ्यात आणि घर सिडकोत किंवा गारखेड्यात असेल, तर ही तिसरी अट फुकटात पुरी होते: जुनी डिस्क घरी ठेवायची. स्कूटरवरून नेताना ती पूर्ण थांबलेली असावी आणि कापडात गुंडाळलेली असावी. बंद डिस्क चालू डिस्कपेक्षा धक्का कितीतरी जास्त सोसते, कारण तिची वाचणारी-लिहिणारी हेड आतल्या चकत्यांवरून, म्हणजे प्लॅटरवरून, बाजूला गेलेली असतात. घरी ती अँटी-स्टॅटिक पिशवीत, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह, लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात ठेवावी. माळ्यावर पत्र्याखाली नको. दर दोन-तीन महिन्यांनी ती जोडून स्मार्टची नोंद बघावी आणि ५ व १९७ या ओळींचे आकडे तारखेसह डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर लिहावेत. एका आकड्यावरून फारसे कळत नाही. चार तारखांचे चार आकडे शेजारी असले की डिस्क कुठे चालली आहे ते दिसते.

परीक्षेत न टिकलेल्या डिस्क भंगारवाल्याकडे तशाच जाऊ नयेत. ज्या अजून लिहून घेतात त्या आधी पूर्ण पुसाव्यात. ज्या जोडल्यावर दिसतच नाहीत, त्यांच्यावरचा मजकूर मात्र प्लॅटरवर शाबूत असतो आणि दुरुस्तीची सोय असलेल्याला तो काढता येतो. गिऱ्हाइकांची कागदपत्रे असलेल्या डिस्कबाबत ही काळजी आता कायद्याच्याही कक्षेत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने दुसऱ्याची माहिती सांभाळणाऱ्यावर तिच्या सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे. जोडल्यावर न दिसणारी डिस्क उघडून प्लॅटर मोडावेत किंवा ड्रिलने आरपार तीन-चार भोके पाडावीत. लॅपटॉपच्या काही डिस्कचे प्लॅटर काचेचे असतात आणि त्यांचे तुकडे उडतात, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच. चुंबक, ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि सर्किटचा बोर्ड हे सगळे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांखाली येते. ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावे, डिस्कचा अनुक्रमांक नोंदवून पावती घ्यावी आणि ती पावती फाइलला लावावी.